सलग सहा, मधला एक सोडून

अकोल्याला मुलगी पाहायला निघायच्या आदल्या दिवशी पौर्णिमाने विपुलला फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. "हे पाय, बाबा गाण्याबद्दल काई बी बोलले तर तू फक्त मान डोलव. तोंड आलूबोंड्यासाठी उघडजो, बोलाले नाई. समजलं का?"

"समजलं ना बाप्पा," विपुल म्हणाला. माणसाला समजतं सगळं, पण ऐन वेळी शहाणपण उतू जातं त्याला कोण काय करणार?

मुलगी पाहायला हे आपलं म्हणायचं. अमरावतीला कृषीच्या वर्गात असल्यापासून दोघांचं जमलेलं होतं. विपुल आता तिवशाच्या एका बँकेत कृषी अधिकारी होता आणि पौर्णिमा अकोल्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पण सोयरीक आपण जुळवली असं वाटल्याशिवाय मोठ्यांना लग्नाचं जेवण गोड लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दोन्ही घरी येणं-जाणं असलेल्या बार्शीटाकळीच्या पुंजाराम मामांना हळूहळू अशा वळणावर आणलं, की एके दिवशी मामा स्वतःच्याच मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, गजेंद्र वकिलाचा पोट्टा अन् उत्तमरावची पोट्टी! हे माह्या डोक्यात आधी कावून नाई आलं?" मामांना आजही ती कल्पना आपलीच वाटते.

उत्तमराव म्हणजे पौर्णिमाचे वडील. अकोल्यात बियाण्या-खताचं दुकान. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण एका बाबतीत माणूस पार बिघडलेला होता. शेतकी कॉलेजच्या होस्टेलवर त्यांच्या खोलीत शिलाँगचा एक मुलगा राहायचा. तो शिकून गावी गेला आणि जाताना कॅसेटींनी भरलेली एक पेटी मागे ठेवून गेला. तेव्हापासून उत्तमराव 'कॉपर बफेलो' नावाच्या इंग्रजी रॉक बँडचे जे झाले, ते कायमचेच. दुकानात सकाळी अगरबत्ती फिरली की लगेच कॉपर बफेलो. युरिया घ्यायला आलेले शेतकरी रांगेत उभ्या उभ्या गिटार ऐकत. बार्शीटाकळीकडच्या एक-दोघांना तर ड्रम कुठे सुरू होतो ते इतकं पाठ झालं होतं, की त्या जागी ते बरोबर पोत्यावर थाप मारत.

आणि उत्तमरावांचा मुख्य सिद्धान्त असा, की या बँडने एकामागून एक सलग सहा अल्बम अव्वल दिले. मध्ये एकही फसला नाही. असं जगात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. हे ते गिऱ्हाइकाला सांगत, पाहुण्याला सांगत, आणि त्या रविवारी बैठकीत त्यांनी ते अमरावतीच्या पाहुण्यांनाही सांगितलं.

"सलग सहा, वकीलसाहेब! एकही नापिकी नाई! आपल्याले सलग दोन वर्सं कपाशी साधत नाई, अन् या पोट्ट्यायनं सहा हंगाम घेतले!"

विपुलचे वडील गजेंद्र, अमरावतीचे नावाजलेले वकील, चटणीत आलूबोंडा बुडवण्यात गुंतले होते. त्यांनी "असं का?" एवढंच म्हटलं. विपुलच्या आई वच्छलाबाई पौर्णिमाच्या साडीचा पोत पाहत होत्या. पुंजाराम मामा तिथीचा विचार करत होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. विपुलने नुसती मान डोलवली असती तर चहाबरोबर सोयरीकही आटोपली असती.

पण विपुलने आदल्या रात्री अभ्यास केला होता. होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायची म्हणून फोनवर कॉपर बफेलोची सगळी माहिती वाचून काढली होती. केलेला अभ्यास पोटात ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही.

"सहा नाई काका," तो म्हणाला, "चार."

उत्तमरावांचा कप ओठांपाशी थांबला. दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या पौर्णिमाने डोळे मिटले.

"चार?"

"चौथ्यानंतर त्यायचा लाइव्ह अल्बम आला ना. कार्यक्रमात रेकॉर्ड केलेला. गायकाचा घसा बसला होता, सगळ्यायनं नावं ठेवली. म्हणजे तिथं साखळी तुटली. तुमी तो मधला धरलाच नाई."

"लाइव्ह धरत नसतात!" उत्तमराव गरजले. "जावईबापू... म्हणजे अजून झाले नाई तुमी, विपुलराव, लाइव्ह म्हणजे फरदड! कपाशीची वेचणी झाली, आता झाड उपटाचं सोडून पाणी देल्लं, अन् त्याच झाडाले दोन बोंडं आली, त्याले तुमी नवा हंगाम म्हणसान का? गाणी जुनीच, झाड जुनंच!"

विपुलच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तो घाईघाईने म्हणाला, "हो काका, बरोबर हाय तुमचं, माह्यंच चुकलं."

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण गजेंद्र वकिलांनी अर्धा आलूबोंडा बशीत ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली. वच्छलाबाईंनी साडीवरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. नवरा खाता खाता हात पुसतो तेव्हा तो उलटतपासणीला उठतो, हे त्यांना संसारात कळून चुकलं होतं.

"थांब विपुल. कबुली देऊ नको," वकील म्हणाले. "उत्तमराव, मले त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नाई. पण कायद्याचं बोलतो. त्या अल्बमवर नाव कोणाचं हाय?"

"बँडचंच."

"विकला कोणी?"

"त्यायनंच."

"मंग मधला पोरगा नालायक निघाला म्हणून बापाले सातबाऱ्यावरून त्याचं नाव खोडता येते का? वारस तो वारस! धराच लागन!"

"अहो, पण तो जन्मलाच कुठी? मोठ्या चार भावायचेच कपडे घालून आला तो!"

"जन्म झाला का नाई, हे तुमी कोण ठरवणार?"

"तीस वर्सं ऐकून राहिलो मी!"

"तीस वर्सं कब्जा हाय म्हणून मालकी होत नाई, उत्तमराव!"

अर्ध्या तासाने पौर्णिमाला काय विचारायचं, ती स्वयंपाक करते का, तिची उंची किती, हे सगळं राहून गेलं होतं. चहावर साय धरली होती. पुंजाराम मामा दोघांच्या मध्ये हात पसरून "अरे ते म्हशीचं जाऊ द्या ना, पोट्ट्यायचं पाहा" असं म्हणत होते, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. शेवटी वकील उठले. "पुरावा पाहिल्याशिवाय मी पुढं बोलत नाई. सगळे अल्बम द्या मले. पुढची तारीख पुढच्या रविवारी, अमरावतीले, माह्या घरी."

"येतो!" उत्तमराव म्हणाले आणि आतून एक पेनड्राइव्ह आणून वकिलांच्या हातावर आपटला.

परतताना मूर्तिजापूर सुटताच वकिलांनी गाडीत पेनड्राइव्ह लावला.

पहिले दोन दिवस गजेंद्र वकील ते गाणं विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराचं ऐकावं तसं ऐकत होते. कपाळाला आठ्या, हातात पेन. तिसऱ्या दिवशी आठ्या गेल्या. चौथ्या दिवशी वच्छलाबाई चहा घेऊन गेल्या, तर वकील डोळे मिटून टेबलावर बोटं वाजवत होते आणि समोर एक अशील वाटणीची केस घेऊन ताटकळत बसला होता.

"अवो, तो माणूस केव्हाचा बसून राहिला," त्या म्हणाल्या.

"बसू दे. आता गिटार येते," वकील म्हणाले.

रविवारी उत्तमराव अमरावतीला आले. वच्छलाबाईंनी दह्यातले गिलावडे मागवले होते, नवी चादर अंथरली होती, आणि विपुलला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं की आज विषय मार्गी लावायचाच. पण उत्तमरावांनी चपला काढायच्या आधीच वकिलांनी दारात गाठलं. "उत्तमराव, दुसरा अल्बम तर सोनं हाय सोनं! पण म्हणून मी माह्यी बाजू सोडली असं समजू नका."

"मंग तिसरा ऐकला का नाई?"

"दोनदा! या, बसा!"

दोघे जे बसले ते दिवेलागणीपर्यंत. उत्तमराव शेतीतले दाखले देत होते, वकील वारसाहक्कातले. मध्येच दोघे गप्प होऊन एखादं गाणं संपूर्ण ऐकत, माना हलवत, आणि गाणं संपलं की पुन्हा एकमेकांच्या अंगावर धावून जात. गिलावडे संपले. लग्नाचा ल कोणी काढला नाही.

मग एक रविवार अकोला आणि एक रविवार अमरावती असा पायंडाच पडला. उन्हाळा गेला, पेरण्या आटोपल्या. पुंजाराम मामांनी तीनदा विषय काढून पाहिला. एकदा वकील म्हणाले, "मामा, प्रकरण न्यायप्रविष्ट हाय." एकदा उत्तमराव म्हणाले, "मामा, आवाज कमी करा, ड्रम चालू हाय." तिसऱ्यांदा मामा बार्शीटाकळीला परत गेले आणि बायकोपाशी डोकं धरून बसले. "सोयरीक जमवाले गेलतो मी," ते म्हणाले, "भजनी मंडळ जमवून आलो."

इकडे पौर्णिमाने विपुलशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. फोन उचलला तरी सुरुवात एकाच वाक्याने व्हायची. "तुले कोणी सांगतलं होतं चार म्हणाले?" त्यातच तिच्या एका आत्याने वाशीमकडचं स्थळ आणलं. मुलगा डॉक्टर, गाण्याचा गंध नाही. हे ऐकल्यावर मात्र विपुलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने रजा टाकली, एकट्यानेच अकोला गाठलं आणि भर दुपारी उत्तमरावांच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"या विपुलराव! बसा, त्या पोत्यावर बसा, खुर्ची मोडली हाय," उत्तमराव म्हणाले. त्यांनी चहा मागवला. आवाज बारीक केला. ही मोठीच मर्जी होती.

"काका, माह्यं चुकलं. चार नाई, सहाच," विपुल एका दमात म्हणाला. "मी कोणापुढं बी कबूल करतो. पण आमचं लग्न होऊ द्या."

उत्तमराव त्याच्याकडे पाहून हसले. "तुले वाटते, त्याच्यासाठी थांबलो मी? अरे, पोट्टा मले पहिल्या दिवशीच पसंत होता. तोंडावर चार म्हणाची हिंमत केली, माह्या दुकानात तीस वर्सांत कोणी केली नाई. सारे 'हो भाऊ, हो भाऊ' म्हणतात अन् युरिया घेऊन जातात."

"मंग अडलं कुठी?"

उत्तमरावांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज उतरला. "पोरीच्या बापाचं तुले नाई समजत. साक्षगंध झालं, का वकीलसाहेब माह्ये व्याही होतात. पोराकडचे. व्याह्यापुढं पोरीचा बाप मान वर करत नाई, आपल्या घरची रीत हाय. ते म्हणतीन ते खरं. माह्या बापानं केलं, आजानं केलं, मले बी करा लागन. मंग भांडाचं कसं सांग? इतली वर्सं एकटाच ऐकत होतो रे मी. घरात बायकोले, सीमाले आवडत नाई, पौर्णिमा कानात बोळे घालते. आत्ता कुठं एक माणूस भेटला अन् तोच व्याही निघाला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यामुळे या माणसाचं एकुलतं एक सुख जाणार, हे विपुलला खरोखर लागलं. पण पौर्णिमाही त्याला हवी होती, आणि वाशीमचा डॉक्टर काही थांबणार नव्हता.

"काका," तो हळूच म्हणाला, "वाशीमचा आला तर त्याचे बाबा बी व्याहीच होतीन. अन् त्यायले तर म्हशीचं नाव बी माईत नाई."

उत्तमराव दचकले. हा मुद्दा त्यांनी पाहिलाच नव्हता. ते नाक पुसून म्हणाले, "पोरीच्या सुखापुढं माह्यं भांडण काय मोठं? धरा तिथी."

साक्षगंध अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयात ठरलं. दोन्हीकडचे पाहुणे जमले. उत्तमराव फेटा बांधून दारात उभे होते आणि अमरावतीच्या लहान पोरालासुद्धा वाकून नमस्कार करत होते. गजेंद्र वकील मात्र भलत्याच उत्साहात उतरले. आठवडाभर खपून त्यांनी नवा मुद्दा तयार केला होता आणि तो कधी मांडतो असं त्यांना झालं होतं. गळाभेट होते न होते तोच त्यांनी सुरुवात केली.

"उत्तमराव, ऐका. त्या लाइव्हमधी एक गाणं असं हाय, जे आधीच्या कोणत्याच अल्बममधी नाई! मंग फरदड कशी? नवं बोंड आलं ना? साखळी तुटली. चार!"

"हो जी," उत्तमराव खाली पाहून म्हणाले. "चार तर चार."

वकिलांना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांनी मुद्दा पुन्हा, मोठ्याने मांडला.

"तुमी म्हणान तसं, व्याहीबुवा. बसा ना. सरबत घ्या."

गजेंद्र वकिलांचा चेहरा पडला. आयुष्यात इतक्या केसेस जिंकल्या, पण जिंकून असं ओकंबोकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले, सरबताचा पेला तसाच धरून. स्टेजवर विपुल-पौर्णिमा पाटावर बसले होते, गुरुजी अंगठ्यांचं तबक शोधत होते. वकिलांनी दोन मिनिटं कशीबशी काढली आणि ताडकन उठले.

"उत्तमराव! मी पुन्हा विचार केला. माह्यंच चुकलं. लाइव्ह धराचा नाई. सलग सहा!"

सगळा हॉल त्यांच्याकडे पाहायला लागला. उत्तमरावांच्या ओठांवर 'हो जी' आलंच होतं. पण ते तिथेच अडकलं. त्यांच्या कपाळाची शीर हलली.

"सहा कसे?" ते म्हणाले.

"सहाच."

"मघाशी चार म्हणले."

"मघाशी म्हणलो असन. आता सहा म्हणतो."

"नाई!" उत्तमरावांनी फेटा सावरला आणि मान वर केली. "ते नाई चालणार! माह्ये व्याही भर मांडवात, चार माणसाच्या समोर, चार म्हणून गेले. व्याह्याचा शब्द या घरात खाली पडत नाई!"

"अहो, पण मी सांगून राहिलो ना, सहा!"

"तुमी काई बी सांगा! माह्या व्याह्यानं चार म्हणलं म्हणजे चार! त्यायले खोटं पाडणारे तुमी कोण?"

"मी कोण? अहो, मीच तुमचा व्याही!"

"मंग स्वतःच्या व्याह्याचा तरी मान ठेवा!"

"उत्तमराव, तुमीच नाई म्हणले का तीस वर्सं, का फरदडीले हंगाम म्हणत नाई?"

"म्हणलो असन! पण फरदड असो का काई, कापूस घरात आला का नाई? आला! मंग धराच लागन!"

दोघे स्टेजसमोर समोरासमोर उभे ठाकले. आवाज चढले. उत्तमरावांचा फेटा सुटून खांद्यावर आला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला होता की पाहणाऱ्याला वाटावं, लग्न त्यांचंच ठरलं. वकिलांनी तर कोट काढून पुंजाराम मामांच्या हातात दिला. मामा घाबरून म्हणाले, "मंग शेवटी धराचे किती? चार का सहा?" त्यावर दोघेही एकदम त्यांच्यावर ओरडले, "तुमी मधी बोलू नका!"

गुरुजी तबक घेऊन गोंधळून उभे होते. सीमाताईंनी वच्छलाबाईंकडे पाहिलं.

"थांबाचं का, ताई?"

"छे हो, यायचं काई सरत नाई आता," वच्छलाबाई म्हणाल्या. "घाला रे पोट्टेहो अंगठ्या."

पौर्णिमाने विपुलच्या बोटात अंगठी घातली. महिनेच्या महिने छातीवर बसलेला दगड एकदाचा उतरला होता, आणि समोर 'चार', 'सहा' असा जो घोष चालला होता तो त्याला मंगलाष्टकांसारखा वाटत होता. पौर्णिमाने बापाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि ती बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

लग्नाची तिथी दोघी व्याहिणींनीच पंगतीला बसल्या बसल्या पाहून टाकली. गुरुजींनी एक रविवारचा फार चांगला मुहूर्त सुचवला होता, पण तो दोघींनी एकमताने नाकारला. रविवारी दोन्हीकडच्या वडलांना वेळ नसतो, असं त्यांनी सांगितलं.